खोट्या शेव्हेलपासून सुरुवात

ऑक्टोबरअखेर

शेडमध्ये सध्या दुरुस्त करून उभ्या करायच्या तीन जुन्या अमेरिकन गाड्या आहेत आणि घराच्या गॅरेजमध्ये खोलून ठेवायला जागा एकीचीच. मुलांच्या सायकली, बर्फ उडवायचं यंत्र आणि बायकोची गाडी यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलंय. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात बाहेर अंगणात काम होत नाही. म्हणजे मार्चपर्यंत जी गाडी गॅरेजमध्ये जाईल, तीच पहिली.

पहिली १९६७ची मस्टँग कूपे. नंबर (पाटीवरचा नोंदणीचा नव्हे, कारखान्यात ठोकलेला) ७एफ०१सी असा सुरू होतो: ७ म्हणजे साल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं २८९ घनइंची व्ही-८. दुसरी १९६८ची पॉन्टिअॅक जीटीओ. तिसरी १९७०ची शेव्हरले शेव्हेल. हिच्यावर पुढेमागे, दोन्ही बाजूंना एसएसची (सुपर स्पोर्ट, म्हणजे तगड्या इंजिनची आवृत्ती) बोधचिन्हं आहेत आणि ती सगळी खोटी आहेत. घेताना हे माहीत होतं, भावही त्याच हिशेबाने लावला.

मस्टँगला मसल कार (मधल्या आकाराची, मोठ्या इंजिनची) म्हणायचं की पोनी कार (छोटी, स्पोर्टी), हा वाद इथे नको. २८९चं दोन बॅरलवालं इंजिन फारसं दंड थोपटत नाही, एवढं मान्य.

पहिली कुठली घ्यावी असं ज्याला विचारलं त्याने जीटीओ म्हटलं. कारण उघड आहे. मसल कारची ही सगळी जातकुळी जिथून सुरू झाली ती गाडी. जीएमने (जनरल मोटर्स, पॉन्टिअॅक आणि शेव्हरलेची मालक कंपनी) मधल्या आकाराच्या गाड्यांसाठी ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. पॉन्टिअॅकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्याच्या मंडळींनी १९६४च्या टेम्पेस्ट ल मान्समध्ये ३८९ घनइंची इंजिन 'ऑप्शन' म्हणून बसवलं, कारण ऑप्शनला वरून मंजुरी लागत नव्हती. त्या पळवाटेतून पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. पॉन्टिअॅक शहर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि माझ्या गाडीच्या नंबरातलं पी अक्षर तिथल्याच कारखान्याचं. मोह होणारच.

कागद आणि नंबर

आधी कागद बघायचे असं ठरवलं, कारण त्याला पाना लागत नाही.

जीटीओचा नंबर २४२३७८पी ने सुरू होतो. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, म्हणून २४२ दिसलं की गाडी जन्मानेच जीटीओ. १९६४-६५च्या गाड्यांचं तसं नाही. त्यांच्या नंबरावर नुसती ल मान्स, बाकी भरवसा कागदांवर. पॉन्टिअॅकच्या जुन्या बिलांच्या नोंदी सुदैवाने टिकल्या आहेत आणि पैसे भरले की पीएचएस (या नोंदी सांभाळणारी संस्था) त्याची प्रत पाठवते. माझी आली. ४०० घनइंच, ऑटोमॅटिक, झाकलेले दिवे. इंजिनच्या पुढच्या अंगाला वायएस हा शिक्का आहे, म्हणजे ३५० अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिक. पण वायएस पुढच्या वर्षांतही वापरलाय, नुसत्या दोन अक्षरांवर विसंबू नका. डिस्ट्रिब्यूटरजवळची ओतकामाची तारीख बघा, आणि टाइमिंग कव्हरशेजारी गाडीच्या नंबराचा तुकडा ठोकलेला असतो तो ताडून बघा. जीएमने हा तुकडा १९६८पासून ठोकायला घेतला. माझा जुळला. गाडी आणि इंजिन एकत्र जन्मलेले आहेत.

शेव्हेलचं उलटं. नंबर १३६३७०के. १३६ म्हणजे व्ही-८ मॅलिबू, ३७ म्हणजे स्पोर्ट कूपे, के म्हणजे कॅन्सस सिटी. खऱ्या एसएसचाही नंबर असाच सुरू होतो! १९७०मध्ये एसएस हे मॉडेल नव्हतं, ऑप्शन होतं: एसएस ३९६ला झेड२५ आणि एसएस ४५४ला झेड१५. अमेरिकेत बनलेल्या शेव्हेलच्या कारखान्यातल्या नोंदी उरल्या नाहीत, त्यामुळे बाजारात जन्मल्या त्यापेक्षा जास्त एसएस फिरतात असं गमतीने म्हणतात. (त्यातही गंमत म्हणजे १९७०चं '३९६' प्रत्यक्षात ४०२ घनइंच होतं. नाव खपत होतं म्हणून ठेवलं.) पुरावा शोधायचा तर पेट्रोलच्या टाकीच्या वर चिकटलेला बिल्डशीट नावाचा, गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्याचा कागद सापडतो का बघायचं. टाकी उतरवली तर वर उंदरांनी केलेला भुगा होता. मागच्या डिफरन्शिअलच्या झाकणाचे बोल्ट मोजले: दहा. एसएसला बारा बोल्टांचा अॅक्सल येई. सस्पेन्शनच्या मागच्या खालच्या आर्म उघड्या, बंद पेटीसारख्या केलेल्या नाहीत, मागे अँटीरोल बारही नाही. म्हणजे साधी मॅलिबू, बहुधा ३०७ इंजिनची, जिला कुणीतरी फुगीर बोनेट आणि ३५०चं इंजिन बसवलंय. ब्लॉकवर ३९७००१० हा ओतकामाचा नंबर आहे, जो गल्लोगल्ली मिळतो, आणि पुढच्या शिक्क्यावरून ते इंजिन ट्रकमधून आलंय.

पत्रा

खरी परीक्षा इथे. या शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठच मीठ असतं. इथली जुनी गाडी म्हणजे गंज किती हा प्रश्न नाही, कुठे हा आहे.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून तिन्ही गाड्यांवरून फिरवलं. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. मस्टँगच्या दरवाज्यांखाली चुंबक सरळ खाली पडलं.

पण मस्टँगचं दुखणं दारांत नाही, पुढच्या काचेखालच्या काउल नावाच्या पोकळ पत्र्यात आहे. १९६५ ते ६८च्या मस्टँगचा हा प्रसिद्ध रोग. वायपरपुढच्या जाळीतून आत गेलेलं पाणी दोन पत्र्यांच्या पोकळीत उतरतं. तिथे पानं-कचरा साठतो आणि हवेच्या तोंडांभोवतीचा पत्रा आतून कुजतो. तपासणी सोपी: जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि गालिचा उचलून बघा. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी धार लागली. काउल दुरुस्त करायचं तर पुढचे फेंडर, काच सगळं काढून वरचा पत्रा स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करून सोडवावा लागतो. वर या गाडीला वेगळी चासी नाही. पत्रा हाच सांगाडा. खालचे टॉर्क बॉक्स (सांगाड्याला बळ देणाऱ्या पेट्या) आणि रेलही गेलेत, म्हणजे कापायच्या आधी गाडीला आतून आधार ठोकून ठेवायला हवा, नाहीतर दरवाजे पुन्हा बसणार नाहीत.

जीटीओ आणि शेव्हेल दोघींना खाली पूर्ण चौकट आहे, वर बॉडी बोल्टांवर. नवशिक्याला हे फार सोयीचं. एक तुकडा काढा, नीट करा, लावा. चौकट जागची हलत नाही. दोघींत गंजाची ठिकाणंही सारखी: मागच्या काचेखालची खाच, डिकीचा तळ, बॉडी माउंट (बॉडी चौकटीला जिथे बोल्टने बसते त्या जागा). जीटीओत तो मोजका आहे. मागच्या काचेच्या कोपऱ्यात, छताला व्हायनिल असल्यामुळे, थोडा जास्त असेल अशी शंका आहे. शेव्हेलमध्ये सढळ हस्ते.

निर्णय

तर शेव्हेल.

मित्रमंडळींनी कपाळावर हात मारला. चांगली गाडी सोडून नकली आधी? माझं गणित असं. माझ्या हातून वेल्डिंगचे पहिले दहा फूट वाईट होणार, ते कुठे व्हावेत? ज्या गाडीचा कागद, इंजिन आणि पत्रा एकाच घराण्यातले आहेत, तिथे नकोत. पन्नास-साठ वर्षं एकत्र राहिलेल्या गोष्टींवर हात साफ करायचा अधिकार मला नाही. शेव्हेलबाबत मी कुणाचं काही देणं लागत नाही. तिचं मूळ इंजिन गेलं, रंग गेला, कागद उंदरांनी खाल्ला. तिच्यावर शिकलेलं सगळं जीटीओवर जसंच्या तसं कामाला येईल, कारण दोघी जीएमच्या ए-बॉडी, म्हणजे एकाच मधल्या आकाराच्या ढाच्यावरच्या. काचेखालची खाच इकडे शिवता आली की तिकडेही येईल.

दुसरं कारण सुट्या भागांचं. १९७० शेव्हेलचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा छापून मिळतो. खाच, डिकी आणि काच यांच्यामधली ट्यूलिप पट्टी, डिकीचा तळ, सगळं. पॉन्टिअॅकचेही बरेच मिळतात, पण इंजिनची बाजू महाग पडते. तिथे टाइमिंग कव्हर अॅल्युमिनियमचं असून त्यातून पाणी फिरतं. ते आतून खाल्लं जातं, आणि पंपामागच्या दुभाजक पत्र्याची फट वाढली की गाडी तापते. ते काम घाईत करायचं नाही.

आणि मस्टँग? तिची कूपे त्या वर्षी साडेतीन लाखांवर बनली. ती माझ्यासाठी थांबली नाही तरी जगाचं काही बिघडत नाही. तिला फक्त कोरडं ठेवायचं.

जीटीओला थांबवायचं म्हणजे मात्र नुसतं झाकून ठेवणं नाही, नाहीतर भिजत घोंगडं व्हायचं. पेट्रोल पूर्ण काढलं (इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना नासवतं), सिलिंडरमध्ये तेल सोडलं, स्टँडवर चढवली. अधूनमधून क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवतो.

जानेवारी

मागची काच पियानोच्या तारेने कापून काढली. स्टीलची झालर ज्या क्लिपांवर बसते, त्या क्लिपांचे छोटे खिळे खाचेतच वेल्ड केलेले असतात. पाणी नेमकं त्यांच्याभोवती थांबतं. खिळे शिल्लक होते, भोवतीचा पत्रा नव्हता. तिथून पाणी डिकीत आणि पार्सल ट्रेवर ठिबकायचं, डिकीचा तळ त्यामुळेच गेला. म्हणून क्रम असा: आधी खाच, मग तळ. उलटं केलं तर नवा तळही वर्षात कुजेल.

वेल्डिंगसाठी साधं १२० व्होल्टचं मिग यंत्र, ०.०२३ इंची तार, पंचाहत्तर टक्के आर्गॉन आणि पंचवीस टक्के कार्बन डायऑक्साइड. माझा कोल्हापूरचा मित्र इथे सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे, पण त्याचं बालपण उद्यमनगरात वडिलांच्या शेडमध्ये गेलं. त्याने माझा पहिला जोड बघितला आणि यंत्रच बंद केलं.

"भावा, लागोपाठ ओढायलास कशाला? एक टिपका हितं, दुसरा लांब तिकडं. पत्र्याला गार होऊ दे की."

"मग संध्याकाळ होईल रे."

"होऊ दे. पत्रा वाकला तर पुढची चार संध्याकाळ ठोकत बसशील."

तेव्हापासून टिपके. दोन टिपक्यांच्या मधोमध तिसरा, मग हाताला गरम लागेनासं होईपर्यंत थांबायचं. त्या वेळात मी गंजलेले छोटे भाग ब्रशने घासतो, किंवा क्लिपा नि स्क्रू पिशव्यांत भरून वर मार्करने लिहितो. खाचेचा डावा कोपरा अजून थोडा उंच आहे. काचेच्या ब्युटिल पट्टीत तेवढं सामावेल, पण झालर बसवून बघितल्याशिवाय नक्की म्हणत नाही.

मार्च

इंजिनचं कॉम्प्रेशन घेतलं. सात सिलिंडर १४५ ते १५५ पीएसआयमध्ये, सहावा ११०. चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं, आकडा हलला नाही. तेलाने वाढला असता तर रिंगांचा दोष. तसा नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. त्या बाजूचं हेड उतरवून मशीन शॉपला दिलंय, व्हॉल्व्हना कडक सीट बसवून येईल. जुनी इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. एक बाजू सुटलीच आहे तर दुसरंही हेड पाठवावं, असं मित्राचं म्हणणं. खर्च बघून ठरवेन.

बोधचिन्हांचं मात्र ठरलं. एसएसची सगळी उतरवली, भोकं वेल्डने बुजवली. पुढच्या जाळीच्या जागी मॅलिबूची चंदेरी जाळी मागवलीय. फुगीर बोनेट ठेवणार, कारण ते दिसतं छान आणि मी कुणाला फसवत नाहीये. फायरवॉलवरच्या पाटीप्रमाणे मूळ रंग २८, म्हणजे फॅदम ब्लू. तोच परत मारायचा. दाराच्या कडेला, रबराखाली, त्याचा नखाएवढा मूळ तुकडा सापडलाय. रंग जुळवायला तोच दुकानात नेणार.

पुढचं काम बॉडी माउंट. मागचे चारही बोल्ट गंजून एकजीव झालेत. उष्णता आणि भेदक तेल आळीपाळीने चाललंय. एक बोल्ट बॉडीच्या तळाखालच्या पट्टीत, आतल्या पिंजऱ्यातल्या नटासकट गरगर फिरतो. खालून त्या पट्टीत खिडकी कापून नट पकडायचा, की वरून डिकीच्या तळातून जायचं? तळ तसाही बदलायचाच आहे, म्हणून माझा कल वरून जाण्याकडे आहे. कुणी ए-बॉडीवर हे केलं असेल तर खिडकी केवढी कापली तेवढं कळवा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५पासून. यंदा ती बघायला जाणार आहे, बायकोच्या गाडीने.