वैतरणेकाठी मुक्काम आणि उन्हाचा जमाखर्च

डिसेंबरात नाशिकची गर्दी द्राक्षबागांकडे वळते. आम्ही गाडीमागे राहण्याजोगा ट्रेलर जोडून त्र्यंबकहून पहिनेमार्गे घोटी रस्त्याला लागलो आणि वैतरणा धरणाच्या फुगवट्याजवळ, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात मुक्काम टाकला. समोर पाणी, मागे डोंगर. याच धरणाच्या पाण्यावर वीजनिर्मिती होते, हेच पाणी पुढे मुंबईची तहान भागवतं. आमची वीज मात्र सौर पॅनेलवर आमची आम्हालाच जमवायची होती.

"आंब्याखाली लावा गाडी, गार राहील," शेतमालक म्हणाले.

"मामा, थंडीच आहे. डोंगराची सावली इकडे कधी येते?"

"चारला बांधावर येती."

एवढं कळलं आणि ट्रेलर बांधापासून लांब, मोकळ्यावर लावला. बॅटरी किती मोठी घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण मुक्काम सुखाचा होतो तो जागेमुळे.

आमच्याकडे १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. १२.८ व्होल्टच्या हिशोबाने सव्वा युनिटच्या आसपास वीज. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी साधी ट्युब्युलर बॅटरी असती तर ती टिकावी म्हणून निम्मीच वापरावी लागली असती. खर्चात सगळ्यात मोठा वाटा फ्रिजचा. कॉम्प्रेसर ४५ वॅटचाच, पण चालू-बंद होत दिवसाला ४०० वॅट-अवर खातो (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). लॅपटॉप, दिवे, मोबाइल धरून बेरीज ७०० च्या घरात जाते. २०० वॅटचं पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात जेमतेम तेवढंच देतं. म्हणजे तोंडमिळवणी होते, पण उधळपट्टीला जागा नाही.

पॅनेल छतावर आडवं ठेवायचं नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. डिसेंबरअखेर नाशिकला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आतच असतो. आडव्या पॅनेलवर मीटर ९ अँपिअर करंट दाखवत होता. तेच पॅनेल जमिनीवर, दक्षिणेकडे तोंड करून ४० अंशांत टेकवलं, तर १२. त्याच वेळी दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर सरकली आणि आकडा ३ वर आला! सावली तळहाताएवढी. पण सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकाची वाट अडली की त्या ओळीतल्या साऱ्यांची अडते. टॉवेल काढला, आकडा पुन्हा १२.

सकाळी पॅनेलवर दव आणि त्यात रस्त्याची धूळ, असा पातळ चिखल बसतो. ऊन चढायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. मामा हे रोज करतातच, कारण त्यांच्या विहिरीवर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप आहे. "आधी रात्रीची लाइट यायची. बिबट्याच्या भागात अंधारात पाणी भरायला जायचं म्हणजे जीव मुठीत," ते म्हणाले. आता गव्हाला दिवसा पाणी मिळतं.

आम्हीही जड कामं दिवसाच उरकतो. दुपारी बॅटरी भरली की चार्जर पॅनेलची वीज घेणं थांबवतो आणि पुढचं ऊन फुकट जातं. म्हणून लॅपटॉप तेव्हाच चार्ज करायचा, फ्रिज २ अंशांवर न्यायचा, त्यात पाण्याच्या बाटल्या गार करून ठेवायच्या आणि रात्री तो ६ वर सोडायचा. बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा इन्व्हर्टर झोपताना बंद. काही न लावताही तो १०-१५ वॅट खातो, म्हणजे रात्रभरात शंभरेक वॅट-अवर. इंडक्शन तर आणूच नये. १५०० वॅटला १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर लागतात, म्हणजे आमची बॅटरी तासभरही पुरायची नाही. चहा गॅसवरच.

एक गोष्ट ट्युब्युलरवरून लिथियमवर येणाऱ्यांसाठी. नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नका. ही बॅटरी बराच काळ १३.२ च्या आसपासच रेंगाळते आणि मग एकदम कोसळते. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट बसवा.

मुक्कामात एक दिवस आभाळ भरून आलं. दुपारपर्यंत मीटर २ अँपिअरच्या वर सरकेना. ट्रेलर जोडून घोटीच्या बाजाराला गेलो. इंजिन चालताना वीज करणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरवर २० अँपिअरचा चार्जर लावलाय, तो तासाभरात अडीचशे वॅट-अवर भरतो. जाऊन-येऊन भाजी झाली आणि फ्रिजची रात्रीची सोयही.