तुम्ही विचारलंत म्हणून: घाट उतरताना मी गिअर खाली का टाकतो

"ब्रेक पॅड स्वस्त, क्लच प्लेट महाग. मग गिअर खाली टाकून गिअरबॉक्सची वाट कशाला लावतोस?" घरातलं कुणीही गाडीत बसलं की हेच विचारतं. एकदाचं सांगतो.

हिशोब खोटा नाही. सिग्नलला थांबायचं तर मीही ब्रेकच दाबतो. पण घाट म्हणजे सिग्नल नव्हे. तिथे सतत दाबून ब्रेक तापतो, म्हणून गिअर खाली टाकून गाडी इंजिनाने अडवायची.

कुंभार्ली उतरताना काकांनी डिझेल वाचावं म्हणून जीप न्यूट्रलवर सोडली होती. मी शेजारी होतो. आधी जळका वास आला, मग ब्रेकचं पेडल मऊ पडलं, मग थेट तळाला गेलं. काकांनी कांडी दुसऱ्यात ढकलली. नुसती करकर, गिअर पडेना. पुन्हा ढकलली, पुन्हा करकर. मागे पोरं रडायला लागली. कसाबसा तिसरा पडला, काकांनी क्लच एकदम सोडला, आणि काकूचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. डोंगराकडच्या गटारात चाक घातलं तेव्हा जीप थांबली. चिपळूणला गिअरबॉक्स उघडला तर सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी आतल्या चाकांचे वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगचे दात बोथट झालेले. घरात सगळ्यांचं ठरलं: गिअरने गाडी अडवली म्हणून रिंग गेली.

अहो, रिंग गेली ती वेगातल्या फरकामुळे! माझ्या गाडीत 60 च्या वेगाला चौथ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला 2000 च्या आसपास असतो, तिसऱ्यात 2800 कडे जातो. मधली ती 800 ची तफावत कुणीतरी भरून काढायचीच. क्लच सोडण्याआधी हलकी रेस दिली तर इंजिन भरतं, नाही दिली तर क्लच प्लेट घासून भरते. म्हणून मी घाटमाथ्यावरच, वेग कमी असताना, ब्रेकने आणखी उतरवून मग गिअर टाकतो. कांडी न्यूट्रलपाशी क्षणभर थांबवतो, दाबत नाही, तिला आपण होऊन जाऊ देतो. आणि न्यूट्रलने इंधनही वाचत नाही. आजच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला इंधन जाणंच बंद होतं.

एक मात्र कबूल. नुसत्या रेसने क्लच वाचतो, सिंक्रोला काम करावंच लागतं. त्यालाही वाचवायचं तर डबल क्लच हवा: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा दाबून गिअर टाकायचा. पूर्वी मी प्रत्येक गिअरला तसंच करायचो, इतरांनाही तेच सांगायचो. आता वाटतं, सिंक्रो धड असेल तर क्लचच्या बेअरिंगला दुप्पट राबवण्यात काय मिळतं? तरी तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना पाय आपोआप दोनदा दबतो, आणि तो थांबवावा असं मला अजून पटलेलं नाही.