शिंगवाली अळी

सप्टेंबरातली गोष्ट. नागपूरहून भंडारा रोडने मौद्याकडे गेलं की पेंचच्या पाण्यावरच्या धानाच्या बांध्या लागतात. तिथे मी कृषी सहायक. एक काका खर्ऱ्याच्या पन्नीत काहीतरी घेऊन आले. "मॅडम, धानाले शिंगवाली अळी लागली. औषध सांगा."

पन्नीत हिरवीगार अळी. डोक्यावर दोन तांबूस शिंगं, मागे शेपटीलाही दोन टोकं. मला खोडकिडा, गादमाशी, तुडतुडे पाठ. ही कोण ते कळेना. न कळणं कबूल करायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे एका औषधाचं नाव जिभेवर आलंच होतं. ते गिळून बांधीत गेले. पंचवीसेक चुडं पालथी घातली तेव्हा कुठे आणखी एक सापडली. पानाच्या कडा कुरतडल्या होत्या, बस. "फवारू नका," म्हटलं. काकांचं तोंड उतरलं. "मंग आलो काऊन मी?"

अळी बरणीत ठेवून रोज धानाची ताजी पानं देत गेले. तिचा हिरवा कोश लटकला आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून निघालं तपकिरी फुलपाखरू, पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे. कॉमन इव्हनिंग ब्राऊन! १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने शास्त्रीय नाव दिलेलं, आणि मी ते कित्येक संध्याकाळी ऑफिसच्या दिव्याखाली पाहिलेलं. फुलांशी त्याला फारसं घेणंदेणं नाही; सडकी फळं, झाडाचा डिंक-रस यांवर भागतं. दिवसा गवतात, पाचोळ्यात दडून बसायचं, दिवेलागणीला उडायचं. अंडी गवताच्या पात्यावर. धानही गवतच, म्हणून अळी बांधीत आली; एरवी तिचं घर धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच्या गवतात. आणि त्याच धुऱ्यावर मारायला काकांनी तणनाशकाचा डबा आणून ठेवलेला. तो दुकानात परत करायला लावला. यावरून थोडी वादावादी झाली.

डिसेंबरात धान निघाल्यावर पुन्हा गेले. धुऱ्यावर पळसाची पानं पडलेली. काकांनी पाय टाकला तसं एक पान उडालं आणि चार हातांवर जाऊन बसलं. पावसाळ्यातले डोळे हिवाळी पिढीच्या पंखांवर जवळजवळ नसतात. नुसतं वाळकं पान, आणि प्रत्येकाची छटा निराळी.

काका वाकून शोधत राहिले. "इथंच बसलं होतं नं जी!"