गोमुखातलं गढूळ पाणी

मला बोलावलं होतं ते एका दाखल्यासाठी. अक्कलकोट रस्त्याला आत एक कृषी पर्यटन केंद्र आहे. हुरडा पार्टी, चुलीवरचं मटण, रेन डान्स आणि मधोमध बोटिंगचा तलाव. मालकांना आणखी खोल्या बांधायच्या होत्या आणि बँकेनं बांध सुरक्षित असल्याचं इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागितलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून असली कामं माझ्याकडे येतात. बहुतेकांना तपासणी नको असते, सही हवी असते.

सप्टेंबरचा शनिवार होता, उत्तरा नक्षत्र लागलेलं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा पडतो तो याच दिवसांत. जून-जुलै आभाळाकडे बघण्यात जातात आणि गणपती उठले की एका रात्रीत ओढे-नाले भरतात. आदल्या रात्री तसाच पडला होता. तलाव काठोकाठ. मालक खुशीत. "साहेब, बघा की, काय देखणा दिसायलाय!"

देखणा होताच. बांध साधारण ६ मीटर उंच. मालकांच्या वडिलांनी ओलितासाठी घातलेला. वॉचमन मामांनी तरुणपणी त्याच बांधावर माती टाकलेली, त्यामुळे आतलं सगळं त्यांच्याकडून कळलं. मधे चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडून दगडांचं पिचिंग म्हणजे अस्तर, डाव्या टोकाला खडकात काढलेला सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट. बांध घालणारा म्हातारा जाणता होता. सोलापूरजवळच्या एकरुख तलावाचा मातीचा बांध अधिला नदीवर १८७१ पासून उभा आहे तो याच सूत्रावर: मातीला पाण्याची भीती नाही, पाण्याला वाट ठेवली पाहिजे.

पण ओलिताचा तलाव आणि बोटिंगचा तलाव यात फरक असतो. ओलिताचा तलाव उन्हाळ्यापर्यंत खाली जातो, बांधाचं पोट उघडं पडतं, खचलेलं-भेगाळलेलं दिसतं, डागडुजी होते. बोटिंगचा तलाव बारमाही भरलेला लागतो. इथं तर उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडत होते. पाण्याकडची बाजू कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलीच नव्हती. दुसऱ्या अंगाला लॉन, गुलमोहर, नारळ, दिव्यांच्या माळा. बांध दिसू नये अशीच व्यवस्था.

सांडव्यावर आलो आणि थांबलो. खडकाच्या तोंडावर दोन फूट उंचीची विटांची भिंत, वर माशांसाठी जाळी. जाळीत वेड्या बाभळीच्या फांद्या आणि पाण्याच्या बाटल्या.

"ही कधी बांधली?"

"पाणी फुकट जायलतं की साहेब. भिंत घातली, तवापासनं बोटी जेटीला लागतात बघा."

मी तिथंच हिशेब मांडला. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. मागचं पाणलोट दीड चौरस किलोमीटर. एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला आणि निम्माच वाहून आला, तरी साडेसात कोटी लिटर होतात. तलावाचं पात्र दीड हेक्टर, म्हणजे मीटरभर पातळी वाढायला दीड कोटी पुरे. बांधाच्या माथ्यापर्यंत मोकळी उंची मीटरभरही उरली नव्हती. उरलेलं पाणी सांडव्यानं जायला हवं, आणि सांडव्याला तर बूच मारलेलं. पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा बांध टिकत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीनं जिल्ह्यात काय झालं ते मालकांनीही पाहिलं होतं. "ते दरवर्षी थोडंच होतंय?" एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात मामा जवळ आले. मालक फोनवर वळल्यावर हळूच म्हणाले, "सायेब, गोमुख बघा. पहाटेपासनं गढूळ यायलंय."

बांधाच्या पायथ्याला, बागेच्या कडेला, दगडी गोमुख बसवलेलं. वर पाटी: 'नैसर्गिक झरा'. पाहुणे तिथं पाय धुतात, सेल्फी काढतात. मालकांना विचारलं तेव्हा कळलं की तिथं आधी नुसती ओल होती. एकदा सिमेंट भरून बंद केली, तर हातभर बाजूला निघाली. मग कुणीतरी डोकं लढवलं आणि गळतीला गोमुख लावून टाकलं.

पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली रिकामी करून गोमुखाखाली धरली आणि ओट्यावर ठेवली. मातीच्या बांधाला पाझर असतोच, त्याचं काही नाही. स्वच्छ पाणी थेंबथेंब येतंय तोवर बांध घाम गाळतोय म्हणायचं. रंग बदलला की प्रश्न वेगळा. दहा मिनिटांनी बाटलीच्या तळाला काळपट साका बसला, करंगळीच्या पेराएवढा. हा रस्त्याचा गाळ नव्हे, हा बांधाच्या पोटातला गाभा. पाणी आतून माती काढून नेत होतं. माती गेली की वाट रुंद होते, वाट रुंद झाली की पाणी वाढतं. बादली लावून घड्याळावर बघितलं. सकाळी अकराला भरायला वीस सेकंद लागले, बाराला पंधरा.

"या जागी बांधातून पाइप गेलाय का?"

गेला होता. बागेच्या पाण्यासाठी जेसीबीनं बांध आडवा चिरून आठ इंची पाइप टाकलेला. वर मुरूम ढकलून बकेटनं चार दणके दिले, झालं काम. वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थरावर रोलर, पाइपलगतचं पाणी अडवायला अधूनमधून काँक्रीटच्या कॉलरी, यातलं काही नाही. पाइपच्या अंगालगतच पाणी सरकत होतं. २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. इथं तर खेकड्याचं नावही घ्यायची सोय नव्हती.

मालकांचा चेहरा उतरला, पण पहिला प्रश्न निघाला तो बुकिंगचा. संध्याकाळी पन्नास-साठ माणसं यायची होती. मी म्हटलं, "मालक, पाहुण्यांचं नंतर बघू. नाल्याकाठी मजुरांच्या खोपी आहेत, त्यांना आधी उठवा." ते गप्प राहिले. मग मीच तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना फोन लावला. हे मात्र सांगायला हवं, त्यानंतर मालकांनी हात आखडला नाही. स्वतः ट्रॅक्टर घेऊन गेले, लेकराबाळांना गावातल्या शाळेत सोडून आले आणि खिचडीचं सामानही पाठवलं.

गोमुख फोडायला सांगितलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, "पण सर, भोक बंद करायला पाहिजे ना?" सगळ्यांना हेच वाटतं. बाहेरून बूच मारलं की पाणी आत दाब धरतं आणि दुसरीकडून तोंड काढतं. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. नव्या खोल्यांसाठी आणलेलं सामान जागेवर होतंच. आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, मग जाड खडी, वर दगडांचं वजन. संध्याकाळी चारच्या सुमारास पाणी तेवढंच येत होतं, पण निवळलं होतं. माझ्या जिवात जीव आला.

दुसरीकडे पातळी उतरवायची होती. बागेच्या पाइपचा व्हॉल्व गंजून बसलेला, आणि त्याला हात लावायचाही नव्हता. सांडव्यावरची भिंत वरून विटेविटेनं उतरवली, जाळी काढली. शिवाय काळे पीव्हीसी पाइप बांधावरून टाकून सायफन लावले. पाणी भसकन सोडता येत नाही. काळी माती ओली असताना समोरचा आधार गेला तर आतला उतार सरकून तलावात येतो. दिवसाला फूटभर, फार तर थोडं जास्त. रात्रभर दोन माणसं बॅटरी घेऊन माथ्यावर उभी. पाऊस भुरभुरला, मोठा आला नाही. आला असता तर काय झालं असतं, हे त्या रात्री कुणी बोललं नाही.

दिवाळीनंतर बांध त्या जागी उघडला. पाइपच्या कडेला पोकळी होती. मामांनी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे, पण १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना. सहा मीटरवाला त्यात येत नाही. त्याची तपासणी करायला कुणी येणार नाही. म्हणून बँकेनं तो कागद मागितला, हे बरंच झालं म्हणायचं.

आता तिथं पाइप नाही, बागेला पाणी सायफननं जातं. बांधावरची झाडं काढायला लावली. नारळांवरून पुष्कळ वाद झाला, पण मुळं आतून वाट करतात, त्याला इलाज नाही. पातळी मूळच्या सांडव्यावर आली, तेव्हा मॅनेजरचा फोन आला: जेटी चिखलात उभी आहे, दोन विटा तरी लावू का? मी म्हटलं, जेटी खाली घ्या. दाखल्यावर मी अजून सही केलेली नाही. तलाव एकदा पूर्ण भरून एक पावसाळा जाऊ दे, मग बघू.