चौथा फर्मा

आमच्या कट्ट्याला नाव नाही, फलक नाही, वर्गणीही नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला डोंबिवलीत बाइंडरकाकांच्या दुकानावरच्या माडीवर आम्ही सात-आठजण जमतो. सतरंजी अंथरलेली असते, मधोमध पाट, आणि त्यावर ज्याने-त्याने आणलेलं एकेक पुस्तक. आधी पुस्तकं हाताळायची, पाहायची, बोलायचं. ती पुन्हा पिशवीत गेली की मगच चहा.

मी बारा वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा आले ती एका दुःखामुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या तळमजल्यावरच्या घरातही गुडघाभर पाणी आलं. कपाटाचे खालचे दोन कप्पे गेले. पुस्तकं फुगून एकमेकांना अशी चिकटली होती की ओढली तर पानांचा लगदा हातात यायचा. तिसऱ्या दिवशी सगळा ढीग बाहेर काढला. त्यात आजीचं पाकपुस्तक होतं. शिलाईचा दोरा कुजला होता. घरी आणून पंख्याखाली पान-पान वाळवलं तेव्हा कळलं की ४९ ते ६४ ही पृष्ठं नाहीत. ढिगातच राहिली असणार. तोवर ढीग महापालिकेच्या गाडीत गेला होता.

पुढची कितीतरी वर्षं मी फक्त त्या सोळा पृष्ठांसाठी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, फाउंटनला, कल्याणच्या रद्दीवाल्यांकडे हिंडले. एका रद्दीवाल्यानेच मला या माडीचा पत्ता दिला.

इथे आल्यावर पुस्तक कसं पाहायचं ते शिकले. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पृष्ठं छापून घडी घातली की होतो तो फर्मा. त्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक आकडा असतो, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. जन्मभर पुस्तकं वाचूनही तो आकडा माझ्या नजरेस आला नव्हता. माझ्या पुस्तकातून गेलं होतं ते नुसती सोळा पृष्ठं नव्हे, अख्खा चौथा फर्मा. बाइंडरकाकांनी हे सांगितलं आणि त्या हरवलेल्या वस्तूला एकदम नाव मिळालं.

कट्ट्यावर प्रत्येकाचा ओढा निराळा. एक निवृत्त मास्तर दिवाळी अंकांचे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून सुरू झालेल्या या परंपरेतला शक्य तो प्रत्येक अंक हाताळून पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा. एक तरुण मुलगी आहे, ती फक्त चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेली पुस्तकं घेते. आतला मजकूर कशावरही असो. एक काका शिळाप्रेसवरच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथ्या जमवतात. मी टपाल खात्यात तीस वर्षं शिक्के मारले, म्हणून पुस्तकावरचा पुसट शिक्का वाचायचं काम माझ्याकडे येतं. ते काम मला फार मोलाचं वाटतं, कारण आमच्याकडे एक नियम आहे. वाचनालयाचा शिक्का असेल आणि त्यावर बाद केल्याची खूण नसेल, तर ते पुस्तक त्या वाचनालयाला नेऊन द्यायचं. कितीही दुर्मीळ असलं तरी. आजवर अकरा पुस्तकं परत गेली आहेत. त्यातली दोन मी स्वतः एसटीने जाऊन पोचवली.

दसऱ्याच्या आधी एक दिवस खास ठेवलेला असतो. पावसाळ्यात कागदाने ओल धरलेली असते, आणि ऑक्टोबरची कोरडी हवा म्हणजे पुस्तकांसाठी औषध. गच्चीवर सावलीच्या बाजूला ती उभी करून पंख्यासारखी उघडायची. थेट उन्हात नाही, उन्हाने कागद पिवळा पडतो आणि तुटतो. कागद खाणारी कसर झटकायची, मऊ ब्रश फिरवायचा, कपाटात वेखंडाचे नवे तुकडे ठेवायचे. दसऱ्याला त्याच पाटावर सरस्वती काढून पूजा होते.

पण मला सगळ्यात आवडतं ते ‘ओळखा’. कोणीतरी मुखपृष्ठ आणि शीर्षकपान नसलेलं पुस्तक आणतं, आणि बाकीच्यांनी ते केव्हाचं आणि कोणतं हे शोधायचं. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ छापलं असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार जागोजागी दिसले तर बहुतेक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं. मग टाइप, कागद, प्रकरणांवरची वेलबुट्टी. एकेक पुरावा पुढे येत जातो आणि नाव-गाव नसलेलं ते पुस्तक आमच्यासमोर हळूहळू उभं राहतं.

गेल्या पौषात शिळाप्रेसवाल्या काकांनी असंच एक आणलं. पुठ्ठा नाही, पहिले दोन फर्मे कसरीने चाळणी केलेले. सगळे अनुस्वारांवर बोलत होते. माझी नजर एका प्रकरणाच्या डोक्यावर गेली. दोन मोर आणि मधे कलश. मी काही बोलले नाही. पानं उलटत तळाचा बारीक चार शोधला. तिथून पुढे लोणची, मुरंबे, सांडगे. सोळाच्या सोळा पृष्ठं, स्वच्छ.

“ताई, ओळखलंत?” काकांनी विचारलं.

“शके १८५३, म्हणजे १९३१. किंमत बारा आणे,” मी म्हटलं आणि पुढे बोलता येईना.

त्यानंतर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मास्तर म्हणाले, दोन अपुऱ्या प्रतींची एक करणं बरोबर नाही. प्रत जशी आपल्यापर्यंत आली तशी ठेवावी. एक तोडून दुसरी पुरी केली की दोन्ही खोट्या होतात. मला त्यांचं पटत होतं आणि तरी मला तो फर्मा हवा होता. काका बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले. त्यांनीही ते हौसेनेच घेतलेलं होतं. शेवटी म्हणाले, “माझ्याकडे हे निनावी होतं. ताईंकडे त्याचं नाव आहे. जोडा. पण आत लिहून ठेवा.”

बाइंडरकाकांनी दोन्ही पुस्तकांची जुनी शिलाई उसवली, चौथा फर्मा जागेवर बसवला आणि जुजबंदी करून, म्हणजे एकेक फर्मा दोऱ्याने ओवत, पुस्तक नव्याने शिवलं. वाळवी-कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला. काकांच्या उरलेल्या प्रतीलाही पुठ्ठा चढवला आणि माझ्या शीर्षकपानाची छायाप्रत पुढे लावून ती त्यांना परत दिली. दोन्ही पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मास्तरांनीच आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली, कोणता फर्मा कुठून कुठे गेला, तारखेसह.

घरी येऊन वाचायला बसले. माझ्या प्रतीत समासात आजीची शाई आहे. चौथ्या फर्म्यात मात्र दुसऱ्याच कुणा बाईची पेन्सिल. कोण, कुठली, ठाऊक नाही. लिंबाच्या गोड लोणच्यापाशी तिने छापलेलं गुळाचं प्रमाण खोडून ‘दीडपट’ लिहिलं आहे आणि पुढे ‘दादांना असंच’.

पंचवीस लिंबं आणली. गूळ दीडपट घातला. पुढच्या दुसऱ्या रविवारी बरणी घेऊन माडीवर गेले. पुस्तकं पिशवीत गेल्यावर झाकण उघडलं. मास्तरांनी बोट चाखलं आणि पुन्हा बरणीकडे हात नेला.