बंदर नसलेला दिवस

"सकाळपासून एक पण बंदर लागला नाय हो!"

दहाव्या डेकवर शेजारच्या खुर्चीतले काका मलाच म्हणाले. मुंबईहून लक्षद्वीपला निघालेली क्रूझ, आजचा अख्खा दिवस पाणीच पाणी. मोबाईलची रेंज कधीच गेलेली. कार्यक्रमपत्रिकेत झुंबा, तंबोला, जादूचे प्रयोग. काकांना त्यात काडीचा रस नव्हता.

ते मालवणचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. बोटांवर मोजत सुरू झाले: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड... बोट बाहेरच उभी राहायची, मग पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा. "ट्रंक दोरीनं खाली सोडायची. आई आधी पोरांना मोजायची, मग ट्रंका. पावसात तर सेवाच बंद!"

मग त्यांनी वेटरला विचारलं, आता विजयदुर्ग गेलं असेल का? तो बिचारा ईशान्येकडचा. हसून आइस्क्रीम देऊन गेला.

मला मात्र ते बंदराचं वाक्य दिवसभर टोचत राहिलं. मी बँकेत होते तेव्हा दिवसाला थांबे होते. लोकल, डबा, मार्च एंड. आता पेन्शन आहे, गुडघे बऱ्यापैकी धड आहेत, समोर बफे आहे. तरी चार वाजता मी घड्याळ बघून उठलेच. कुठे जायचं होतं कोण जाणे! (चहा होता, तोही चोवीस तास मिळतो.)

तुमच्यापैकी निवृत्त झालेल्यांनो, तुम्हालाही असं होतं का?