तोंडलीचे दात

मंडईत तोंडल्यांच्या पाटीमागे सापडली म्हणून तिचं नाव तोंडली. जुलैचा धो धो पाऊस, मांजराचं एकटंच पिल्लू, वजन ५५० ग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवड्यांची असेल. कायमचं घर मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहणार होती. आम्ही म्हणजे मी आणि नाना, माझे वडील; डोंबिवलीत दोन खोल्या.

चार दिवस ती कपाटाखालीच होती. पाचव्या दिवशी बाहेर आली आणि थेट माझ्या घोट्याला चावली. नंतर हात, कोपर, पदर, जे हलेल त्यावर झडप. आठवडाभरात माझ्या हातांवर ओरखड्यांची जाळी झाली.

तिचा राग मला आला नाही, कारण तिचं काय राहून गेलं होतं ते दिसत होतं. पिल्लं दात किती लावायचे ते भावंडांशी मस्ती करताना शिकतात. जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ सोडून निघून जातं. आईसुद्धा पंजा मारून दूर करते. तोंडलीला हे सांगायला कुणीच नव्हतं.

नाना पेपर वाचताना कागदाखालून बोट हलवायचे. ती उडी मारायची, ते खुश. मी टोकलं तर म्हणाले, "अगं, पिल्लू आहे, चावणारच." मला मात्र मागच्या वर्षीचा बोका आठवत होता. चांगल्या घरी गेला होता, पण तीन आठवड्यांत परत आला, चावतो म्हणून. चिमुकल्या दातांची गंमत वाटते, तेच मांजर चार किलोचं झालं की लोक पिंजऱ्यात घालून परत आणून देतात.

एका संध्याकाळी तिचे दात नानांच्या बोटात चांगलेच रुतले. मांजराचे दात सुईसारखे. जखम वरून टिंब दिसते, पण आत खोल जाते. त्यात नानांना मधुमेह. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला आणि लगेच पालिकेचं रुग्णालय गाठलं. तोंडलीला रेबीजची लस टोचायचं वयच झालं नव्हतं, ती बाराव्या आठवड्यानंतर देतात. म्हणून नानांची इंजेक्शनं सुरू झाली: त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. परत येताना रिक्षात म्हणाले, "तिला बोलू नकोस हं. बोट मीच हलवत होतो."

त्या दिवसापासून घरात एकच नियम: हात खाऊ देण्यासाठी आणि कुरवाळण्यासाठी, खेळण्यासाठी नाही.

खेळायला खराट्याचा लांब हीर घेतला आणि टोकाला जुन्या सुती साडीची चिंधी घट्ट बांधली. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, दहा-दहा मिनिटं. मांजराच्या अंगात याच वेळांना शिकार संचारते. चिंधी तिच्या तोंडावर नाचवायची नाही. उंदीर पळतो तशी तिच्यापासून लांब न्यायची, उंबऱ्याआड थांबवायची, परत सरकवायची. ती दबा धरते, मागचा भाग हलवते, झेप घेते. मग तिला चिंधी पकडू द्यायची. हे फार महत्त्वाचं, कारण कधीच हाती न लागणारी शिकार मांजराला चिडवते. शेवटी बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे. खाऊन ती अंग चाटायची आणि झोपायची. हीर मात्र लगेच कपाटात; चिंधी किंवा दोरा गिळला तर आतड्यात अडकतो.

तरी चावली तर हात मागे ओढायचा नाही. याची सवय व्हायला मलाच सर्वांत जास्त वेळ लागला. ओढलेला हात म्हणजे पळणारी शिकार. तसाच ढिला सोडला की तिचा रस संपतो. मग न बोलता उठायचं आणि अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जायचं. नाकावर टिचकी नाही, पाण्याचा फवारा नाही. असं केलं की पिल्लू हाताला घाबरतं, आणि घाबरलेलं पिल्लू जास्त चावतं.

नाना दुधाच्या खाड्यांसारखे चावे कॅलेंडरवर लिहू लागले. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ फुल्या. शेपटीचं टोक फटकारू लागली, कान आडवे झाले की कुरवाळणं थांबवायचं, हेही आधी त्यांनीच ओळखलं. पोटाला हात नाही. हनुवटीखाली आणि गालांवर तिला आवडतं. गणपतीच्या आठवड्यात मिळून दोन फुल्या होत्या.

मग एका सकाळी पेपर उलटताना नानांचं बोट चुकून तिच्या तोंडापाशी आलं. तिने ते दातांत धरलं. नाना हलले नाहीत. दात तसेच ठेवून तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, बोट सोडलं आणि चाटायला लागली.

लस टोचून झाल्यावर तोंडली कल्याणच्या एका घरी गेली. तिथे सहा वर्षांची मुलगी आहे. दुधाचे दात पडायला लागले की चावरेपणा पुन्हा थोडा वाढेल, तेव्हा घाबरू नका, असं मी त्यांना सांगत होते. तोवर नाना आत जाऊन खराट्यातले पाच लांब हीर काढून घेऊन आले, आणि चिंधी कशी बांधायची ते त्या मुलीला दाखवत बसले.